अब्राहम लिंकन : जमिनीच्या दप्तरात उमटलेले चरित्र

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात, माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक तसबीर फार वर्षांपासून आहे. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून जे पत्र महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत घरोघरी पोहोचले आहे, तेच हे पत्र. मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हापासून कितीतरी परिपाठांत ते मी वाचून दाखविले, पाठांतर स्पर्धेत त्यासाठी बक्षिसे दिली. पुढे कळले की, लिंकन यांच्या संग्रहित लेखनात हे पत्र कोठेही आढळत नाही आणि त्यांच्या चरित्राचे अभ्यासक ते अस्सल मानीत नाहीत. शिक्षकाला आपली चूक कळली की ती विद्यार्थ्यांसमोर दुरुस्त करावी लागते. हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख देण्याची वेळ आली, तेव्हा ही दुरुस्तीच करावी असे मनात आले.

त्याला निमित्तही घडले. महोत्सवाच्या तयारीत आम्ही जुनी कपाटे उघडली. पहिले जनरल रजिस्टर, जागेची कागदपत्रे, फीच्या पावत्यांची स्थळपुस्तके बाहेर आली. ज्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो होतो, त्यांतील काही कागदांनी खऱ्या ठरविल्या, काही खोडून काढल्या. तेव्हा वाटले, की ज्यांचे खोटे पत्र आपण इतके जपले, त्या लिंकन यांचे खरे कागद कोणते? त्या शोधात जे हाती लागले, ते पत्राहून कमी सुंदर, पण अधिक मोलाचे होते. ते कागद होते जमिनीचे.

लिंकन यांचे आजोबा, त्यांचेही नाव अब्राहमच, व्हर्जिनिया प्रांतातील एक सुस्थित शेतकरी होते. इसवी सन १७८० च्या सुमारास त्यांनी तेथील जमीन विकली आणि पर्वतरांगा ओलांडून केंटकीच्या नव्या मुलखात जमीन घेण्यासाठी सरकारी खजिन्यातून वॉरंटे विकत घेतली. वॉरंट म्हणजे अमुक इतके एकर जमिनीवर हक्क सांगण्याचा परवाना. जमीन कोणती, हे ज्याने त्याने हिंडून शोधायचे, मोजणीदाराकडून मोजून घ्यायची आणि मग नोंद करायची. या जुन्या कागदांत त्यांचे आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे लिहिलेले आढळते. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. पूर्वजांचा शोध घेणाऱ्यासाठी हा पहिला धडा होय. ‘लिंकन’ हेच नाव शोधीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून आजोबांची जमीन निघून जाईल आणि त्याला ती दिसणारही नाही.

या आजोबांना जमिनीचे सुख लाभले नाही. १७८६ मध्ये शेतात काम करीत असताना मूलनिवासी योद्ध्यांच्या हल्ल्यात ते मारले गेले. तेव्हाच्या कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास सारी स्थावर मालमत्ता थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळे मोर्डेकाय हा थोरला मुलगा जमीनदार झाला आणि आठ वर्षांचा धाकटा टॉमस मात्र उघड्यावर पडला. तो मजुरी करीत, सुतारकाम शिकत वाढला. अक्षरओळख जेमतेम सही करण्यापुरती. हाच टॉमस पुढे अमेरिकेच्या सोळाव्या राष्ट्राध्यक्षाचा पिता झाला.

टॉमस लिंकन यांच्याविषयी जुन्या चरित्रकारांनी फार अन्याय केला, असे म्हणावे लागते. मुलगा जितका थोर दाखवायचा, तितका बाप आळशी, उडाणटप्पू आणि दरिद्री रंगवायचा, अशी जणू रीतच पडली. काहींनी तर लिंकन यांच्या आईवडिलांच्या विवाहाबद्दलही शंका घेतल्या. लिंकन यांना स्वतःलाही आईवडिलांचा विवाह नेमका कोठे नोंदला गेला, हे ठाऊक नव्हते. जेथे शोध घेतला गेला, त्या काउंटीच्या दप्तरात नोंद नव्हती. ती होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. १२ जून १८०६ रोजी टॉमस लिंकन व नॅन्सी हँक्स यांचा विवाह रीतसर झाल्याचे कागद लिंकन यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी सापडले, आणि एका मातेवरचा कलंक पुसला गेला. नोंद मिळत नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही. आपण चुकीच्या कचेरीत शोधत असू, हा दुसरा धडा.

आता टॉमस यांच्या जमिनींकडे वळू. १८०३ मध्ये त्यांनी केंटकीतील मिल क्रीक येथे २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली. पंचविशीतल्या, अनाथपणे वाढलेल्या सुताराच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. डिसेंबर १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंग येथे ३०० एकर जमीन २०० डॉलर्स रोख देऊन घेतली. तेथील ओंडक्यांच्या एका खोलीत १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम यांचा जन्म झाला. १८११ मध्ये हे कुटुंब नॉब क्रीकच्या सुपीक खोऱ्यात राहावयास गेले. पण या तीन ठिकाणांपैकी एकही जमीन त्यांना लाभली नाही. मिल क्रीकची जमीन विकताना मोजणीतील चुकीमुळे ती २०० एकरच भरली. सिंकिंग स्प्रिंगच्या मालकीवरून दावा उभा राहिला. नॉब क्रीकवरून तर फिलाडेल्फियातील एका जुन्या हक्कदाराच्या वारसांनी शेजारच्या कुटुंबांसह टॉमस यांनाही बेदखल करण्याचा दावा लावला.

यात टॉमस यांचा दोष कितपत होता? आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस चिंचेचे झाड. केंटकीची सारी मोजणी याच पद्धतीची होती. झाड तोडले गेले, ओढ्याने पात्र बदलले की सीमा नाहीशी. त्यात वॉरंटे बेसुमार विकली गेलेली. एकाच तुकड्यावर तीन-तीन, चार-चार जणांचे हक्क कौलांसारखे एकावर एक चढलेले. ज्याच्यापाशी वकील लावण्यास पैसा, त्याची जमीन, कसणारा रस्त्यावर. लिंकन यांनी १८६० मध्ये स्वतःची जी अल्प माहिती लिहून दिली, तीत कुटुंबाने केंटकी सोडण्याची दोन कारणे सांगितली आहेत. एक गुलामगिरीची प्रथा आणि दुसरे, त्याहून मोठे, जमिनीच्या हक्काची अनिश्चितता. सात वर्षांच्या मुलाच्या मनावर बेघर होण्याचा तो संस्कार खोल उमटला असला पाहिजे.

डिसेंबर १८१६ मध्ये लिंकन कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात आले. त्याच महिन्यात इंडियाना हे गुलामगिरीला थारा न देणारे राज्य म्हणून संघराज्यात दाखल झाले होते. येथे जमिनीची तऱ्हा निराळी होती. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडील सरकारी जमीन विकण्यापूर्वी मोजली जात असे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौरस म्हणजे टाउनशिप. तिचे एकेका चौरस मैलाचे ३६ सेक्शन. प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचा चतुर्थांश १६० एकरांचा. मोजणीची साखळी ६६ फुटांची. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडचा गुंठा ३३ फूट लांब व तितकाच रुंद असतो आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, हे ज्या विद्यार्थ्यांनी पाठ केले असेल, त्यांना हा हिशेब सहज उमगेल. झाड पडो वा ओढा वळो, आकड्यांनी बांधलेली सीमा ढळत नसे.

याच कायद्यातील एक तरतूद वाचून मला, शाळेत आयुष्य घालविलेल्या बाईला, विशेष आनंद झाला. प्रत्येक टाउनशिपमधील सोळाव्या क्रमांकाचा सेक्शन शाळांच्या निर्वाहासाठी राखून ठेवला जाई. गाव वसण्याआधी, पहिले झाड तोडले जाण्याआधी, नकाशावर शाळेची जागा ठरलेली असे. प्रत्यक्षात सीमेवरच्या रानात शाळा उभ्या राहण्यास फार काळ गेला. लिंकन ज्या शाळांत थोडे थोडे दिवस गेले, त्या पालकांच्या वर्गणीवर चालत, आणि त्यांचे एकूण शालेय शिक्षण एका वर्षाहून कमीच भरले.

टॉमस यांनी लिटल पिजन क्रीकजवळ आधी झोपडी घातली आणि मग १५ ऑक्टोबर १८१७ रोजी विन्सेन्स येथील सरकारी भूमी कार्यालयात जाऊन आपली जमीन नोंदविली. ती नोंद आजही वाचता येते : दक्षिणेकडील चौथी टाउनशिप, पश्चिमेकडील पाचवी रांग, सेक्शन ३२, त्याचा नैर्ऋत्य चतुर्थांश, १६० एकर. दर एकरी दोन डॉलर्स. एकूण किंमत ३२० डॉलर्स. नियम असा होता, की विसाव्या हिश्शाची रक्कम अनामत, चाळीस दिवसांत एकूण चौथा हिस्सा पूर्ण आणि उरलेले तीन हप्ते दोन, तीन व चार वर्षांनी. टॉमस यांनी प्रथम १६ डॉलर्स भरले आणि डिसेंबरअखेर ६४ डॉलर्स भरून ८० डॉलर्सचा चौथा हिस्सा पुरा केला. ज्याला पुस्तकांनी आळशी म्हटले, त्या माणसाच्या कष्टाचे हे आकडे आहेत.

पुढचे हप्ते मात्र थकले. १८१९ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, धान्याला भाव उरला नाही आणि उधारीवर सरकारी जमीन घेतलेले हजारो शेतकरी अडचणीत आले. १८२० मध्ये काँग्रेसने उधारीची पद्धत बंद केली, दर एकरी सव्वा डॉलरवर आणला आणि किमान खरेदी ८० एकरांची केली. १८२१ च्या सवलतीच्या कायद्याने थकबाकीदाराला जमिनीचा काही भाग परत करून त्यावर भरलेली रक्कम उरलेल्या भागाकडे वळती करून घेण्याची मुभा दिली. टॉमस यांनी तेच केले. १८२७ मध्ये त्यांनी पूर्वेकडील अर्धा भाग सोडला, आधी जमा झालेल्या रकमा वळत्या केल्या आणि ६ जून १८२७ रोजी उरलेल्या ८० एकरांची सनद त्यांच्या नावे निघाली. तेव्हा जॉन क्विन्सी ॲडम्स राष्ट्राध्यक्ष होते. नोंदणीपासून सनदेपर्यंत दहा वर्षे लागली; पण या जमिनीवरून त्यांना कोणीही उठवू शकत नव्हते.

सरकारी दप्तरात हे आकडे आहेत. या दहा वर्षांत घरात काय घडले, ते नाही. नोंदणीला एक वर्ष होत होते, तोच ५ ऑक्टोबर १८१८ रोजी नॅन्सी लिंकन दगावल्या. रानातील एक विषारी वनस्पती गाईंनी खाल्ली की त्यांचे दूध माणसाला विषासमान होई. त्या आजाराने ती वस्ती पोखरली होती. अब्राहम नऊ वर्षांचे होते. वडिलांनी शवपेटी स्वतः तयार केली. पुढच्या वर्षी टॉमस यांनी सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवा मातेशी विवाह केला. या सावत्र आईने सोबत काही पुस्तके आणली आणि त्याहून मोठे म्हणजे, या पोरक्या मुलाच्या वाचनाची ओढ ओळखली. सावत्रपणाच्या साऱ्या कहाण्या तिच्यापुढे खोट्या ठरतात. लिंकन तिला अखेरपर्यंत आईच मानीत.

१८३० मध्ये टॉमस यांनी ती ८० एकर जमीन १२५ डॉलर्सना विकली आणि कुटुंब इलिनॉयमध्ये गेले. एकविशीतल्या अब्राहमनी वडिलांना नवे घर बांधून दिले, कुंपणासाठी लाकडे फोडून दिली आणि पुढच्या वर्षी ते न्यू सेलम या खेड्यात स्वतंत्रपणे राहू लागले. दुकान बुडाले, कर्ज डोक्यावर चढले. अशा वेळी १८३३ मध्ये सँगमन काउंटीच्या भूमापकाने त्यांना साहाय्यक म्हणून घेतले. लिंकन यांना मोजणीचे ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी भूमापनाची पुस्तके मिळविली, रात्रंदिवस अभ्यास केला आणि होकायंत्र व साखळी घेऊन ते रानात उतरले. चुकीच्या मोजणीमुळे ज्याच्या बापाचे घर गेले, तो मुलगा आता इतरांच्या सीमा आखीत होता. कर्जापायी त्यांची उपकरणे व घोडा जप्त झाला, तेव्हा एका मित्राने ती लिलावात घेऊन त्यांना परत दिली. ते कर्ज फेडावयास त्यांना कित्येक वर्षे लागली. पण त्यांनी ते फेडले. पुढे ते वकील झाले आणि जमिनीचे तंटे हा त्यांच्या वकिलीचा एक भाग बनला.

१८४९ मध्ये, काँग्रेसमधील आपली एक मुदत संपल्यावर, लिंकन यांनी एका पदासाठी मनापासून खटपट केली. ते पद म्हणजे संघराज्याच्या सर्वसाधारण भूमी कार्यालयाचे आयुक्तपद. वडिलांची ८० एकरांची नोंद ज्या खात्याच्या दप्तरात होती, त्याच खात्याचे प्रमुख होण्याची ही इच्छा होती. ते पद जस्टिन बटरफील्ड यांना मिळाले. त्याऐवजी देऊ केलेले दूरच्या ओरेगॉन प्रदेशाचे राज्यपालपद लिंकन यांनी नाकारले. तो अपेक्षाभंग झाला नसता, तर पुढचा इतिहास कसा घडला असता, कोण सांगेल?

पितापुत्रांतील संबंध मात्र सुखाचे नव्हते. मुलाचे पुस्तकात डोके खुपसणे वडिलांना पुरते उमगले नाही आणि वडिलांचे निरक्षर कष्ट मुलाला पुरते पटले नाहीत. जानेवारी १८५१ मध्ये टॉमस मृत्युशय्येवर असता लिंकन गेले नाहीत, अंत्यविधीलाही नाही. थोर माणसाच्या चरित्रातील हे पान मुलांना सांगावे की नाही, असा प्रश्न पडतो. मला वाटते, सांगावे. पण त्याच्याच शेजारी दुसरा कागदही ठेवावा. ऑक्टोबर १८४१ मध्ये लिंकन यांनी वडिलांकडून ४० एकर जमीन २०० डॉलर्स देऊन विकत घेतली आणि वडील व सावत्र आई जिवंत असेपर्यंत तिचा उपभोग त्यांचाच राहील, असे खतात लिहून दिले. म्हातारपणी त्यांना पैसाही मिळाला आणि पायाखालची भूमीही राहिली. शब्दांनी जे साधले नाही, ते त्या मुलाने दस्तऐवजाने साधले.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, २० मे १८६२ रोजी त्यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. जो कोणी सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहील, घर बांधील व ती कसेल, त्याला अल्प नोंदणी शुल्कात १६० एकर जमीन मिळावी, अशी ती तरतूद होती. टॉमस यांनी विन्सेन्सला जाऊन नोंदविली होती, तीही १६० एकरच. त्याच वर्षी २ जुलैला त्यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्यानुसार प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील त्याच्या दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन देण्यात आली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी राहिली. होमस्टेड कायदा अमलात आला तो दिवस होता १ जानेवारी १८६३. गुलामांच्या मुक्तीची घोषणाही त्याच दिवशी झाली.

तथापि, सत्य सांगावयाचे तर सारे सांगावे. ही ‘सरकारी’ जमीन रिकामी नव्हती. लिटल पिजन क्रीकचा परिसर १८०४ मध्ये डेलावेअर व पियांकेशॉ या मूलनिवासी जमातींकडून करारांनी काढून घेतलेला होता. होमस्टेडच्या जमिनींनाही तोच इतिहास आहे. लिंकन यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १८६२ मध्ये, मिनेसोटात डाकोटा जमातीच्या ३८ जणांना एकाच दिवशी फाशी दिली गेली. तीनशेहून अधिक शिक्षांची प्रकरणे स्वतः तपासून लिंकन यांनी बहुतेकांचे प्राण वाचविले, हे खरे. पण जमातीची भूमी वाचली नाही, हेही खरे. एका कुटुंबाच्या सनदेखाली दुसऱ्या कुटुंबाचे विस्थापन दडलेले असते.

१४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. मृत्युसमयी त्यांच्या नावावर आयोवा राज्यात दोन तुकडे होते, एक ४० एकरांचा व एक १२० एकरांचा. तरुणपणीच्या लष्करी सेवेबद्दल सरकारने दिलेले. दोहोंची बेरीज १६० एकरच होते.

वडिलांचा न्याय मात्र अद्याप व्हावयाचा होता. १९२६ मध्ये लुई वॉरन या अभ्यासकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी केंटकीतील कचेऱ्यांमधील खरेदीखते, कराच्या याद्या, ज्यूरीच्या नोंदी, दाव्यांचे कागद धुंडाळले, आणि त्यांतून कर वेळेवर भरणारा, घोडे बाळगणारा, ज्यूरीवर बसणारा, शेजाऱ्यांत पत असलेला टॉमस लिंकन प्रथमच लोकांसमोर उभा राहिला. मृत्यूनंतर पाऊण शतकाने एका निरक्षर सुताराची अब्रू कचेरीतील धूळभरल्या बाडांनी परत मिळवून दिली. मुलाला थोर ठरविण्यासाठी बापाला लहान करण्याचे कारणच उरले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा नोकरीसाठी, व्यापारासाठी वा केवळ पोटासाठी महाराष्ट्रातून या गावी आले. गावाकडे कोणाचा सातबारा असेल, कोणाच्या ट्रंकेत जुने खरेदीखत असेल. शाळेच्या पहिल्या जनरल रजिस्टरमध्ये कित्येकांची आडनावे स्थानिक वळणाने वेगळीच लिहिली गेली आहेत; ‘लिंकहॉर्न’ आपल्याकडेही आहेत. सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. ते सांगतात ते ऐका, लिहून घ्या, मग कागद पाहा. नाव निराळ्या वळणाने लिहिले आहे का, तालुका-जिल्ह्याच्या सीमा बदलल्या का, हे तपासा. टॉमस यांची जमीन ज्या काउंटीत नोंदली गेली, तिचे वर्षभरातच विभाजन होऊन वेगळी काउंटी झाली होती. आणि कागद व कहाणी यांत अंतर पडले, तर घाबरू नका. त्या अंतरातच आपल्या माणसांची खरी ओळख सापडण्याचा संभव असतो.

भिंतीवरची ती तसबीर मी उतरविलेली नाही. त्यातील उपदेश चांगला आहे, आणि साठ वर्षांच्या शाळेत भिंतीवरच्या वस्तूंवर पिढ्यांचा जीव जडलेला असतो. मात्र तिच्याखाली आता एक लहान पाटी लावली आहे : हे पत्र लिंकन यांचे असल्याचा पुरावा नाही. शेजारी दुसरी चौकट आहे. तीत विन्सेन्सच्या कार्यालयातील त्या नोंदीचा तपशील आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहून लावला आहे : सेक्शन ३२, नैर्ऋत्य चतुर्थांश, १६० एकर, अनामत १६ डॉलर्स. नव्याने येणारी मुले दोन्ही वाचतात आणि हमखास विचारतात, की या आकड्यांत एवढे काय आहे. तेव्हा त्यांना बसवून ही सारी हकिगत सांगते.